अंगणात गेलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

अंगणवाडी हा शब्द आज सरकारी कागदपत्रांत, गावोगावच्या पाट्यांवर आणि आयाबायांच्या बोलण्यात इतका रुळला आहे, की तो कोणी घडवला आणि कोठे घडवला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो घडला आपल्याच परिसरात. डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक यांनी आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात जे काम उभे केले, त्या कामातून तो पुढे आला.

आपल्या शाळेत शिकून गेलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरात पहिले पुस्तक त्यांच्याच हाताने गेले. आईवडिलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. अभ्यास कसा करावा हे सांगणारे घरी कोणी नव्हते. अशा मुलाला शाळेने काय दिले म्हणजे ते खऱ्या अर्थाने शिकते, हा प्रश्न निवासी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला रोज भेडसावतो. ताराबाईंनी याच प्रश्नाचे उत्तर याच मातीत शोधले. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या जीवनाचा आढावा घेणे उचित वाटते.

सुधारकांच्या घरातील कन्या

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. जातिभेद न मानणे आणि मुलीला मुलाच्या बरोबरीने शिकवणे या दोन गोष्टी त्या घरात वादाच्या नव्हत्या. त्या काळी मुलीने चार इयत्ता शिकणे हीदेखील अनेक घरांत अपूर्वाई होती. ताराबाई 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही. 1921 मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या, त्या वेळी पदरी एक लहान मुलगी होती. पतीपासून वेगळे होऊन स्वतःच्या कमाईवर मूल वाढवणाऱ्या स्त्रीकडे त्या वेळचा समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना आज करणेही अवघड आहे. ताराबाईंनी त्या नजरेला उत्तर देण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी काम शोधले आणि राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी स्वीकारली.

शिक्षिका घडवण्याचे हे काम प्रतिष्ठेचे होते, पगाराचे होते. तेथेच स्थिरावले असते तर त्यांचे आयुष्य सुखाचे झाले असते. परंतु मुलांच्या शिक्षणाविषयी मनात उठलेले प्रश्न त्या महाविद्यालयाच्या चौकटीत सुटण्याजोगे नव्हते.

भावनगरची तपश्चर्या

सौराष्ट्रातील भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत त्या काळी एक वेगळाच प्रयोग सुरू होता. गिजुभाई बधेका यांनी आपली चालती वकिली सोडून 1920 मध्ये तेथे बालमंदिर उघडले होते. छडी, घोकंपट्टी आणि परीक्षेची धास्ती यांवर उभ्या असलेल्या शिक्षणाला त्यांनी निरोप दिला होता. मूल खेळते, हाताळते, विचारते आणि त्यातूनच शिकते, ही त्यांची श्रद्धा होती. ही दृष्टी त्यांना इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांतून मिळाली होती. 1923 मध्ये ताराबाई राजकोटची नोकरी सोडून गिजुभाईंच्या सोबतीला आल्या.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह 1907 मध्ये रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत सुरू झाले. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठी ते होते. भारतात मात्र ही पद्धती आली ती सुखवस्तू घरांच्या वाटेने. लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या हे सारे साहित्य महाग होते आणि ते विकत घेऊ शकणाऱ्या शाळांतच दिसे. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धती गरिबांपासूनच दूर गेली होती. ती पुन्हा त्यांच्या दारी नेणे, हे पुढे ताराबाईंचे जीवितकार्य ठरले.

भावनगरमध्ये आणखी एक अडचण होती. मुलांना वाचनाची गोडी लावायची, तर त्यांच्या हाती द्यायला पुस्तके हवीत. आपल्या भाषांत तशी पुस्तके फार थोडी होती. जी होती ती उपदेशाने जड झालेली आणि मोठ्यांच्या भाषेत लिहिलेली. तेव्हा गिजुभाई आणि ताराबाई यांनी ती स्वतः घडवण्यास आरंभ केला. लोककथा, गाणी, पशुपक्ष्यांच्या आणि प्रवासाच्या गोष्टी अशा लहान लहान पुस्तिका दक्षिणामूर्ती बालसाहित्यमालेतून बाहेर पडू लागल्या. मुलांचे ग्रंथालय म्हणजे केवळ कपाट नसते. त्या कपाटात ठेवण्याजोगे काही आधी कोणीतरी प्रेमाने लिहावे लागते, ही जाण त्यामागे होती.

1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या वतीने शिक्षणपत्रिका हे मासिक निघू लागले. ताराबाईंनी संपादनाची धुरा वाहिली आणि पुढे ते मराठी वाचकांपर्यंतही आणले. हे मासिक मुलांसाठी नव्हते. ते आईबाप आणि शिक्षक यांच्यासाठी होते. मुलाला मारू नये, त्याला भीती दाखवू नये, त्याच्या प्रश्नांची थट्टा करू नये, त्याला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे, यांसारख्या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या काळी नव्याने सांगाव्या लागत होत्या. बालमंदिरात येऊ न शकणाऱ्या दूरदूरच्या शिक्षकांसाठी शिक्षणपत्रिका हेच ग्रंथालय होते आणि तेच अध्यापनाचे महाविद्यालय.

यशाच्या शिखरावरून खाली

भावनगरनंतर ताराबाई मुंबईत आल्या आणि 1936 मध्ये दादर येथे शिशुविहाराची स्थापना केली. तेथे बालवर्गांच्या जोडीला शिक्षिका घडवण्याचे काम झाले. 1939 मध्ये गिजुभाई निवर्तले, तेव्हा बालशिक्षणाच्या चळवळीची मोठी जबाबदारी त्यांच्या खांद्यावर आली. त्याच वर्षी खुद्द माँटेसरीबाई भारतात आल्या आणि पुढील काही वर्षे त्यांच्या पद्धतीचा देशभर बोलबाला झाला. ताराबाईंच्या कामाला मान्यता मिळाली होती. शहरातील सुशिक्षित पालक आपली मुले आनंदाने त्यांच्याकडे पाठवत होते. भारताच्या माँटेसरी म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले होते.

अशा वेळी माणूस आपल्या कामाची फळे पाहत बसतो. ताराबाईंनी मात्र आपल्या कामाचा कठोर हिशेब मांडला. शहरातील मुलांच्या वाट्याला पुष्कळ काही येत होते. खेड्यातील मुलांच्या वाट्याला काहीच नव्हते. 1937 मध्ये वर्धा येथे गांधीजींनी नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला होता. शिक्षण खेड्याशी, श्रमाशी आणि परिसराशी जोडलेले असावे, या विचाराने ताराबाईंनाही हलवले होते. परदेशी साहित्याच्या पेट्या घेऊन भारतातील लाखो खेड्यांत जाता येणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी शहरातले जमलेले बस्तान मागे ठेवून बोर्डी गाठली आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म 1910 चा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिकेची नोकरी करत, रात्रशाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या होत्या. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी पदवीही मिळवली. स्वतःच्या शिक्षणासाठी ज्यांना एवढे झगडावे लागले, त्यांना वंचित मुलाच्या अडचणी वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. या दोघींचे नाते गुरुशिष्येचे होते आणि सहकाऱ्यांचेही. ताराबाई नवी कल्पना मांडत आणि अनुताई ती पायी हिंडून पाड्यापाड्यावर तपासून पाहत, असे त्या जोडीचे स्वरूप होते.

1945 साल आणि आपला परिसर

ते वर्ष आपल्या भागाच्या इतिहासात मोठे आहे. त्याच 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतमजुरांची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्धचा लढा येथे पेटला. लग्नाच्या खर्चासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी आयुष्यभर राबत, त्यांच्या मागे मुलेही त्याच घाण्याला जुंपली जात. अशा घरातील मूल शाळेत का येत नाही, हे विचारण्यापूर्वी त्याच्या बापाच्या मानेवरचे जू पाहावे लागते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. एकाच वर्षातील ही तीन कामे तीन वेगळ्या वाटांची होती. एकाने वेठ मोडली, एकाने उच्च शिक्षणाचे दार उघडले आणि एकाने अडीच-तीन वर्षांच्या मुलाचे बोट धरले. या तिन्ही गोष्टी घडल्यावाचून वंचितांचे मूल पुस्तकापर्यंत पोहोचत नाही, हे आज मागे वळून पाहताना उमगते.

बोर्डीमध्ये शिक्षणाची परंपरा नव्हती असे नाही. आचार्य भिसे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक तेथे आधीपासून झटत होते. ताराबाईंनी गावात बालवाडी उघडली, तेव्हा गावातील मुले आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले मात्र येईनात. कोणी आले तरी दोन दिवसांनी दिसेनासे होई. अशा प्रसंगी आईबापांना अज्ञानी ठरवून मोकळे होण्याची सवय पुष्कळांना असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर दोष शाळेचा मानावा आणि शाळेने जागा बदलावी, असा निर्णय त्यांनी घेतला.

अंगणवाडी म्हणजे काय होते

मग शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, सडा घालायचा, मुले गोळा करायची. आधी पुस्तक नाही, पाटी नाही. आधी पाणी. मुलांचे हातपाय, तोंड धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, मग गोष्ट, मग खेळ. आईला हे सारे दारातून दिसत असे. आपल्या मुलाला कोणी शिवते, त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, हे त्या अंगणाला नवे होते. ज्या समाजात या मुलांचा स्पर्श टाळला जाई, तेथे शिक्षिकेने मुलाला मांडीवर घेऊन नखे कापणे हा शिक्षणाचा पहिला धडा होता, आणि तो मुलाइतकाच गावालाही मिळत होता.

साहित्यही बदलले. माँटेसरीबाईंचा विचार ताराबाईंनी सोडला नाही; तिच्या महागड्या पेट्या सोडल्या. समुद्रकाठचे शिंपले, चिंचोके, रंगीत खडे, पानेफुले, पिसे, बांबूची कांडकी आणि माती या वस्तूंनी मूल मोजू लागले, लहानमोठे ओळखू लागले, नक्षी मांडू लागले. तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांच्या मुलांना आकारांचे भान घरातूनच मिळालेले होते. शाळेने ते ओळखावे लागते, एवढेच. या मुलाला काही येत नाही या समजुतीने सुरू होणारे शिक्षण आणि या मुलाला बरेच काही येते या खात्रीने सुरू होणारे शिक्षण यांत फार अंतर आहे. बोर्डीच्या कामाची सुरुवात दुसऱ्या प्रकारे झाली.

कोसबाडची टेकडी आणि कुरणशाळा

1957 च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. येथे भोवताली सगळे वारली पाडे. बालवाडीतून बाहेर पडलेले मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याच्या हाती काठी येई आणि ते गुरांमागे रानात जाई. घरातील गुरे राखणे किंवा दुसऱ्याची गुरे वळून पोटापुरते अन्न मिळवणे हे त्याचे काम. सकाळी शाळेची घंटा वाजे तेव्हा ते कुरणात असे आणि संध्याकाळी परते तेव्हा शाळा बंद झालेली असे. या मुलाला गैरहजर म्हणणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई यांनी विचार केला, की मूल कुरणात आहे तर शाळाही कुरणातच हवी.

यातून कुरणशाळा उभी राहिली. गुरे चरत आणि झाडाच्या सावलीत शाळा भरे. शिक्षक फळा आणि पुस्तके घेऊन मुलांच्या मागे रानात जात. झाडे, पक्षी, ओढे, ढग हेच विज्ञानाचे वर्ग. गुरांची मोजदाद हेच गणित. मूल कमावते आहे म्हणून त्याचे शिक्षण थांबू नये आणि ते शिकते आहे म्हणून घरातील चूल विझू नये, असा तो मधला मार्ग होता. बालमजुरी असू नये हे खरेच. परंतु ती संपेपर्यंत त्या मुलाने निरक्षर राहावे काय, या प्रश्नाला त्या वेळी ज्यांनी कृतीने उत्तर दिले अशी माणसे थोडी आहेत.

मुलींची अडचण आणखी वेगळी होती. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई शेतावर गेली की घरातील आई तीच. तिला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरच्या बाळाचीही सोय हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणण्यात आली. या योजनेस विकासवाडी असे नाव मिळाले. पाळणाघरात भावंड निर्धास्त झोपलेले दिसले की शेजारच्या वर्गात ताईचे लक्ष पुस्तकात लागे. मुलांची मने अभ्यासात का रमत नाहीत, याची कारणे पुष्कळदा वर्गाबाहेर असतात, हे यावरून ध्यानी यावे.

ताराबाईंनी हे अनुभव केवळ मनात ठेवले नाहीत. ग्रामीण बालवाडी कशी चालवावी, साहित्य कसे जमवावे, आईबापांशी कसे बोलावे, यांविषयी त्यांनी सातत्याने लिहिले आणि शेकडो सेविकांना शिकवले. 1962 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. अनुताईंनी पुढे 27 सप्टेंबर 1992 रोजी स्वतःच्या निधनापर्यंत कोसबाडचे काम चालवले. त्यांना पद्मश्री लाभली, परंतु टेकडी त्यांनी सोडली नाही.

पुस्तक मुलाकडे जाते तेव्हा

ताराबाईंच्या कार्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे म्हणता येईल, की शिकण्याची वाट मुलाने चालून यावी अशी अपेक्षा न धरता शाळेने आपली पावले मुलाकडे वळवावीत. ग्रंथालयांच्या इतिहासातही हाच विचार निराळ्या रूपाने भेटतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या संस्थानात फिरती ग्रंथालये सुरू केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात आणि वाचून झाल्या की पुढच्या गावाला जात. याच महाराजांनी 1913 मध्ये तरुण भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने 1931 मध्ये तमिळ प्रांतातील मन्नारगुडीजवळ बैलगाडीवरचे ग्रंथालय खेड्याखेड्यांत फिरू लागले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा रंगनाथनांचा आग्रह. कुरणातल्या गुराख्यालाही हाच न्याय लावला की कुरणशाळा जन्मते.

बाबासाहेबांचे राजगृह दादर येथे ग्रंथांसाठी बांधलेले घर म्हणून आपण सारे जाणतो. परंतु स्वतःच्या ग्रंथालयापूर्वी त्यांनी इतरांच्या वाचनाची चिंता केली होती. 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये यांचा समावेश होता. 1925 मध्ये सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न आणि हातात पुस्तक यांपैकी एकही कमी पडले तर उरलेली दोन वाया जातात, हे त्यांनी आपल्या आयुष्यातून जाणले होते. ताराबाई आणि बाबासाहेब यांचे मार्ग वेगळे, कार्यक्षेत्रे वेगळी. परंतु शिकणाऱ्या मुलाच्या देहाची आणि मनाची काळजी ही अभ्यासक्रमाबाहेरची गोष्ट नसून अभ्यासाचा पाया आहे, या ठिकाणी दोघेही एकत्र भेटतात.

आपल्यासाठी

आज चित्र बदलले आहे. 1 ऑगस्ट 2014 पासून आपला पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे. पाड्यापाड्यावर अंगणवाडी आहे, शाळा आहे, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे बंधनकारक केले आहे. तरीही दिवाळी सरली की डहाणू-तलासरीतील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीवर किंवा मच्छीमारांच्या होड्यांवर कामाला बाहेर पडतात आणि मुले त्यांच्यासोबत जातात. कुरणाची जागा भट्टीने घेतली आहे. प्रश्न तोच आहे. कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात, अशी ग्रंथालये आजही ठिकठिकाणी आहेत. पुस्तक फाटेल या भीतीने ते मुलाच्या हाती न देणे म्हणजे भात सांडेल म्हणून ताट न वाढण्यासारखे आहे.

निवासी शाळेत मूल रात्रंदिवस आपल्या हवाली असते. आईची आठवण येऊन ते पांघरुणात रडते, तापाने फणफणते, वर्गात सर्वांसमोर आपली बोली बोलायला लाजते. अशा मुलाला ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात बसून चित्रांचे पुस्तक चाळता आले, गोष्ट वाचून दाखवणारे बाई किंवा गुरुजी भेटले, तर त्याचा एकटेपणा हलका होतो. ग्रंथालय सांभाळणारा शिक्षक पुस्तके मोजतो हे त्याचे दुय्यम काम. कोणते मूल बरेच दिवस इकडे फिरकले नाही आणि का, हे ज्याच्या लक्षात येते तोच खरा ग्रंथपाल. ताराबाईंनी अंगणात जाऊन जे केले, ते वसतिगृहात असे करता येते.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आणि पालकांना यानिमित्ताने एक विनंती. सुट्टीत मुले घरी जातात तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांबरोबर चार पुस्तकेही जाऊ द्यावीत. ती पाड्यावर धाकट्या भावंडांना वाचून दाखवली जातील, शेजारची मुले जमतील, आणि दारातून आजी ऐकत उभी राहील. एखादे पुस्तक परत आले नाही तर त्याचा दंड मुलाकडून घेऊ नये. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा शाळेला भेट देताना हारतुऱ्यांच्या खर्चातून एक गोष्टीचे पुस्तक आणावे आणि शक्य असेल तर ते स्वतः बसून मुलांना वाचून दाखवावे. पालकांनी, आपल्याला वाचता येत नाही म्हणून संकोच न धरता, मुलाला समोर बसवून वाच म्हणावे आणि ऐकावे. ऐकणारा भेटला की वाचणारा तयार होतो.

कोसबाडची टेकडी आपल्यापासून दूर नाही. तिच्यावर उभ्या राहिलेल्या कामाने शिक्षणाला एक सवय लावली. मूल दिसले नाही की हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करण्याआधी ते कोठे आहे याचा शोध घ्यायचा आणि तेथवर चालत जायचे. ही सवय आपल्या शाळेने आणि आपण सर्वांनी जपली, तर ताराबाई मोडक यांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.